सुभेदार एक दिवस आधी येतात

काही माणसांचे किस्से ती जिवंत असताना तक्रारी म्हणून जमा होतात. माणूस गेला की त्याच तक्रारींना लोक आठवणी म्हणायला लागतात! सुभेदार इंगवल्यांचं तसंच झालं. आमच्या बंगळूरच्या मराठी मंडळात त्यांच्या नावानं कुरकुर न केलेलं एक घर सापडणार नाही, आणि त्यांच्या शोकसभेत मात्र कुणी माइक सोडायला तयार नव्हतं.

मी तेव्हा इंजिनिअरिंग संपवून घरी बसले होते. बसले होते म्हणजे येरझाऱ्या घालत होते. भोपाळच्या एका कंपनीत नोकरी लागली होती, महिनाअखेर हजर व्हायचं होतं, आणि बाबांचं एकच पालुपद होतं, "तिथे आपलं कोण आहे?" त्यामुळे सभेत माझं लक्ष भाषणांपेक्षा घड्याळाकडे जास्त होतं. त्या भाषणांत जे कुणी सांगितलं नाही, ते इथे सांगते.

*

आम्ही बंगळूरला आलो ते नव्वदच्या सुमारास. बाबांची खडकीहून इथल्या सरकारी कारखान्यात बदली झाली होती. सामानाच्या ट्रकमागून आम्ही भाड्याच्या घरापाशी पोचलो, तर दार सताड उघडं! आत पांढऱ्या मिशांचा एक ताठ माणूस हातात हिरवा थर्मास घेऊन उभा.

"या, या. प्रवास बरा झाला न्हवं? पाणी तापलंय. संडास मागं हाय, कडी जरा उचलून लावायची. शेजारी कमलाक्का. माणूस सोन्यासारखं, पण बोलायला लागली की दूध उतू जातंय."

बाबांना वाटलं, घरमालक. त्यांनी वाकून नमस्कार केला आणि भाड्याचं बोलायला सुरुवात केली.

"मी मालक न्हाई साहेब," तो माणूस म्हणाला. "मी ॲडव्हान्स पार्टी."

फौजेत पलटण हलायची असली की मोजकी माणसं एक दिवस आधी पुढे जातात. पाणी कुठे, संडास कुठे, आणि वेळ आली तर निघायचा रस्ता कुठे, हे तिन्ही बघून ठेवायचं. मग पलटण पोचली की तिच्या हातात गरम चहा द्यायचा. सुभेदार निवृत्त झाले, पण हे काम काही निवृत्त झालं नाही. मंडळात कुणाकडे काहीही असलं, की सुभेदार एक दिवस आधी तिथे हजर. बोलावलं असो वा नसो. बहुतेक वेळा नसो!

बाबा तो चहा प्यायले, चांगला झालाय म्हणाले, आणि सुभेदार फाटकाबाहेर पडल्याबरोबर आईला म्हणाले, "आजच्या आज कुलूप बदलून घे!"

*

जोशीकाकांच्या सुनीताताईचं लग्न तुमकूरला ठरलं. दुसऱ्याच दिवशी तुमकूरहून जोशीकाकांना फोन. "तुमच्याकडचे एक गृहस्थ आले होते. चहा नको म्हणाले. आमची न्हाणी बघून गेले!"

ठरलेलं लग्न मोडतंय की काय, म्हणून काकू देवापाशी जाऊन बसल्या. संध्याकाळी सुभेदार आले, चप्पल काढली आणि उभ्या उभ्या रिपोर्ट दिला.

"मुलगा चांगलाय. सासू तापट हाय, पण खोटी न्हाई. विहिरीचं पाणी गोड. न्हाणीला आतनं कडी न्हवती."

"नव्हती म्हणजे?" जोशीकाका ओरडले.

"बसवून आलो."

लग्न झालं. सुनीताताई माहेरी आली की हमखास सांगायची, "पहिल्या दिवशी त्या घरात माझ्या बाजूनं एकच गोष्ट होती. ती कडी!"

*

बापटआजोबांचं हर्नियाचं ऑपरेशन होतं. सुभेदार आदल्या दिवशी हॉस्पिटलात गेले, खोली बघितली, नळ सोडून बघितला, आणि खाट करकरते का हे बघायला तिच्यावर आडवे झाले. तेवढ्यात वॉर्डबॉय साबण-वस्तरा घेऊन आला.

"स्वल्प सुम्ने इरी, अज्जा," म्हणाला. जरा गप्प पडून राहा, आजोबा. आणि त्यानं कामाला सुरुवात केली.

सगळं चकाचक झाल्यावर खरे आजोबा बॅग घेऊन दारात! नर्सनं कपाळावर हात मारला. वॉर्डबॉय पळाला. सुभेदार शांतपणे उठले, शर्ट खोचला आणि म्हणाले, "गादी बरी हाय. वस्तरा बोथट हाय. आपला घरनं आणा."

"अहो, पण तुम्ही त्याला काही बोलला का नाहीत?"

"त्याचं काम चाललं होतं. मधी कशाला बोला!"

*

कुलकर्णीआजींचा किस्सा मात्र मंडळाच्या कमिटीपर्यंत गेला.

आजी फार आजारी होत्या. डॉक्टरांनी आता सांगता येत नाही म्हटलं होतं. घरात सगळे कुजबुजत बोलत होते. आणि बाहेर जिन्यात सुभेदार टेप लावून माप घेत होते!

"वळण अरुंद हाय," ते आजींच्या मुलाला म्हणाले. त्यांना कुजबुजता यायचं नाही, सगळं आयुष्य परेड ग्राउंडवर गेलेलं. "आडवं न्यायला जमणार न्हाई. खुर्चीत बसवून उतरवावं लागंल."

आतून आजींचा आवाज आला. चार दिवसांत पहिल्यांदा. "कोण रे तो मेला? त्याला सांगा, मी बसून जाणार नाही!"

दुसऱ्या दिवशी आजींनी मऊ भात मागितला. आठवड्यात त्या अंगणात आल्या. पुढे कितीतरी वर्षं सुभेदारांची सायकल दिसली की आजी दार लावून घ्यायच्या.

कमिटीनं ठराव केला, की सुभेदारांनी आजाऱ्यांच्या घरी न बोलावता जाऊ नये. ठराव मांडला होता आमच्या बाबांनी. "माणूस चांगला असेल, पण मर्यादा म्हणून काही आहे की नाही?" ठराव वाचून दाखवला तेव्हा सुभेदार "सरी", म्हणजे बरं, एवढंच म्हणाले. आणि आमच्या घरी गॅसचा सिलिंडर आलाय का ते बघायला गेले!

*

आता माझा किस्सा.

शेवटच्या वर्षाला होसकोटेच्या एका कारखान्यात माझी मुलाखत होती. मी फक्त आईला सांगितलं होतं. आई म्हणजे आकाशवाणी! मी मुलाखतीला जाऊन बसले. समोरच्या साहेबांनी माझा अर्ज बघितला, माझ्याकडे बघितलं आणि हसू दाबत म्हणाले, "काल तुमचे अंकल येऊन गेले. लेडीज टॉयलेटला कुलूप का आहे, असं शॉप फ्लोअरवर प्रत्येकाला विचारत होते."

पुढचे सगळे प्रश्न मी चुकवले. तिथून तडक बस पकडून चिकपेटला आले. साड्यांच्या होलसेल दुकानावर सुभेदारांची एक खोली होती. जिना चढतानाच मी सुरुवात केली.

"तुम्हाला कुणी बोलावलं होतं? मी लहान आहे? लढाईवर चालले होते मी?"

"कुलूप निघालं?"

"निघालं! पण प्रश्न तो नाहीये! मला माझ्या पायांनी कुठेतरी जाऊ द्या ना! जिथे जावं तिथे आधी कुणीतरी म्हातारं उभं!"

सुभेदार थर्मासमधला चहा ओतत होते. माझा आवाज चढला की ते ओतणं थांबवायचे, उतरला की परत ओतायचे.

"कशासाठी करता हे सगळं?" मी विचारलं.

"एकदा आमच्या पुढं कुणी गेलं न्हवतं."

"मग?"

त्यांनी थर्मासचं झाकण फिरवून फिरवून घट्ट केलं. "मग काय. चहा पी."

मी चहा न पिता खाली उतरले. बोलले ते खोटं नव्हतं, अजूनही नाही. ती नोकरी मला मिळाली नाही. माझ्या वर्गातल्या शैलजाला मिळाली. भेटली तेव्हा म्हणाली, "पगार काही खास नाही गं. पण टॉयलेट एकदम फर्स्ट क्लास!"

*

सुभेदार झोपेतच गेले. ना आजार, ना हॉस्पिटल. कुणाला आधी जाऊन काही बघायची संधीच दिली नाही.

शोकसभा रविवारी पाच वाजता. मंडळाच्या इतिहासात प्रथमच सगळे पाचला हजर. पांढरे कपडे, हार, उदबत्त्या. आणि हॉलला कुलूप!

किल्ली सुभेदारांकडे असायची. दर कार्यक्रमाला तेच आधी येऊन उघडायचे, हे तिथे उभं राहिल्यावर सगळ्यांच्या लक्षात आलं. अध्यक्ष सेक्रेटरींकडे बघतायत, सेक्रेटरी खजिनदारांकडे. शेवटी बाबांनी कोपऱ्यावरच्या दुकानातून हातोडा आणला आणि कुलूप तोडलं. आत खुर्च्या घातलेल्या नाहीत, प्यायला पाणी नाही, माइक मुका. अध्यक्षांचं भाषण असं सुरू झालं, "सुभेदारांनी आपल्याला काय दिलं... अहो, पंख्याचं बटण कुठलं?"

टेबलावर फोटो होता आणि फोटोशेजारी तो हिरवा थर्मास. खोलीच्या मालकानं आणून ठेवला होता. सभा संपली तेव्हा फोटो होता, थर्मास नव्हता. कुणी नेला, कुणालाच माहीत नाही. सेक्रेटरी म्हणाले, "काय एकेक लोक असतात!"

घरी आल्यावर मी परत विषय काढला. बाबा बूट काढत म्हणाले, "वैजू, एकदा सांगितलं ना. भोपाळला आपलं कोण आहे?"

"बंगळूरला तरी कोण होतं?" मी म्हटलं. "एक परका माणूस दार उघडून, पाणी तापवून उभा होता. तुम्ही त्याचा चहा प्यायलात आणि कुलूप बदललंत!"

बाबांनी दुसरा बूट काढला आणि ते आत गेले. दुसऱ्या दिवशी मी स्वतः रांगेत उभी राहून तिकीट काढलं आणि जेवणाच्या टेबलावर ठेवलं. बाबांनी ते उलटसुलट करून बघितलं. मग बूट घालून कामावर गेले.

*

माझी गाडी शुक्रवारची. बुधवारी बाबा छोटी बॅग घेऊन निघाले. "टूर आहे." कुठे, किती दिवस, काही नाही. माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. मी पण म्हटलं, ठीक आहे, नका बघू! हट्ट मलाही करता येतो.

स्टेशनवर आई आणि धाकटा भाऊ आले. आई रडली नाही. मी पहिल्यांदा घर सोडून चालले होते, आणि दूधवाला येऊन गेला का अशा चेहऱ्यानं ती उभी! त्याचाही मला राग आला. तो राग घेऊन मी दोन रात्री गाडीत बसले. खिडकीतून काही बघितलं नाही. कंपनीनं दिलेली खोली कशी असेल, कंपनीपर्यंत बस असेल का, तिथे गेल्यावर पहिला प्रश्न कुणाला विचारायचा, हेच डोक्यात. आपलं तिथे कोण आहे, हाही प्रश्न होताच. पण तो बाबांचा होता, म्हणून मी तो मनातल्या मनातसुद्धा विचारत नव्हते.

भोपाळला सकाळी उतरले. ट्रंक ओढून खाली घेतली, मान वर केली.

माझ्या डब्यासमोर बाबा उभे होते. दाढी वाढलेली, शर्ट चुरगळलेला, अंगठ्याला चिंधी बांधलेली. हातात हिरवा थर्मास.

"पाणी सकाळी एकदाच येतं," बाबा म्हणाले. "बादली आणून भरून ठेवली आहे. संडास सामाईक आहे, पण स्वच्छ आहे. कडी सैल होती, ती झाली."

"बाबा, तुम्ही..."

"आणि बंगळूरची गाडी रोज आहे. याच फलाटावर लागते. नीट बघून ठेव."

मी परत तोंड उघडलं. बाबांनी थर्मासचं झाकण फिरवायला घेतलं. फार घट्ट बसलं होतं ते.

"आधी चहा पी."