कौसावहिनींचा मुटका

लिंबागणेशच्या गणपतीची आण घेऊन सांगतो, यातला एक शब्द खोटा नाही. म्हणजे, एखादा असेल. किस्से कडब्याच्या गंजीसारखे असतात. एका पेंढीवर दुसरी ठेवायची, गंज उंच झाली की मधली पेंढी कुणाच्या रानातली, हे कोण विचारतं?

तर आम्ही कॅरिबियन बेटावर गेलतो. हसू नका! आमचा दोस्त बाप्पा, त्याची लेक मनीषा तिथल्या मेडिकल कॉलेजात शिकवते. तिनं आईबापाला बोलावलं. बाप्पा म्हणजे रिटायर्ड ग्रामसेवक. तो एकटा बीडच्या स्टँडवरसुद्धा जात नाही. म्हणाला, "तुमी दोघं आलात तरच जातो." दोघं म्हणजे मी, ट्रॅक्टरच्या स्पेअर पार्टवाला, आणि आमचा रशीदभाई, गादी कारखानावाला. बेटाचं नाव सांगत नाही. सांगितलं तर उद्या अर्धं बीड तिथं!

* * *

मनीषाचं घर समुद्रकाठच्या एका बारक्या गावात. एक चर्च, एक दुकान, एक लाकडी धक्का, बाकी सगळं पाणी. बाप्पानं जन्मभर नळाची वाट बघितलेली. तो कमरेवर हात ठेवून बराच वेळ उभा राहिला.

"अन् हे पिता येत न्हाई?"

"न्हाई," मी म्हणालो.

"मग कशाला ठेवलंय एवढं!"

कौसावहिनी, म्हणजे बाप्पाची बायको, मात्र सरळ पाण्याकडं निघाल्या. त्यांनी चप्पल काढली, पाय ओले केले आणि विचारलं, "अहो, मी उतरू का?"

इथं एक गोष्ट सांगायला पाहिजे. वहिनी बीडजवळच्या पालीच्या. लहानपणी विहिरीत मुटका मारण्यात त्यांचा हात धरणारा पोरगा शिवारात नव्हता. गुडघे पोटाशी घ्यायचे, डोकं आत ओढायचं आणि वरून धप्पकन! काठावर धुणं धुणाऱ्या बायका भिजल्या तर तो मुटका, नाहीतर नुसतं पडणं. लग्न झालं आणि वहिनींचं पोहणं सुटलं, ते सुटलंच. कारण बाप्पाला पोहता येत नाही. हे आख्ख्या गल्लीला ठाऊक आहे, पण बाप्पासमोर कुणी बोलत नाही.

"पाण्यात उतरायचं? लोक काय म्हणतील?" बाप्पा म्हणाला.

वहिनींनी डावीकडं पाहिलं, उजवीकडं पाहिलं. सगळा किनारा चड्ड्यांवर लोळत होता.

"यांच्या अंगावर कपडे न्हाईत. हे मला काय म्हणणारेत?"

तरी बाप्पाचं उत्तर "न्हाई"च!

* * *

मनीषाची घरमालकीण मिस ग्रेस. आवाज असा, की हळू बोलली तरी धक्क्यावरचे बगळे उडायचे. तिनं आम्हाला झोपायला गाद्या दिल्या. सकाळी रशीदभाई कंबर धरून उठला, दाभण काढलं आणि तिच्यादेखत तिची गादी उसवली! मिस ग्रेसनं बोंब ठोकली. रशीदभाईचं लक्षच नाही. आत नारळाचा काथ्या, गोळे गोळे झालेला. त्यानं तो उन्हात टाकला, काठीनं झोडपला, पिंजला, परत भरून टाके घातले. मिस ग्रेस त्या गादीवर आडवी झाली, ती दुपारीच उठली.

दुसऱ्या दिवशी फाटकाबाहेर आख्खं गाव गाद्या डोक्यावर घेऊन उभं!

"जगाच्या टोकाला आलो फिरायला," रशीदभाई मला म्हणाला, "और यहाँ भी वहीच धंदा!" पण खुशीत होता. त्या रविवारी चर्चला निम्मं गाव उशिरा पोचलं. पाद्री रशीदभाईकडं डोळे वटारून बघत होता. दुपारी तोच आला. डोक्यावर गादी!

* * *

वहिनींनी बॅगेतून ज्वारीचं पीठ आणि बरणीभर ठेचा आणला होता. शेजारचा कोळी, विन्स्टन नाव, त्याला त्यांच्याकडच्या मिरचीच्या सॉसचा लई अभिमान. त्यानं आम्हाला बजावलं, "थेंबभरच घ्या." वहिनींनी बोट बुडवून चाटलं आणि म्हणाल्या, "बरंय. लेकराबाळांना चालंल."

मग विन्स्टननं भाकरीवर चमचाभर ठेचा घेतला. आधी हसला. मग डोळ्यांना धारा लागल्या. मग पळत सुटला तो थेट समुद्रात!

आम्ही पोट धरून हसत होतो. वहिनी त्या डुंबणाऱ्या डोक्याकडं बघत हळूच म्हणाल्या, "त्याचं बरंय बाई. तिखट लागलं की उतरता तरी येतं."

बाप्पानं भाकरीचा तुकडा ताटातच फिरवला.

* * *

वहिनींनी उतरू नये म्हणून बाप्पाचं रोज नवं कारण. सर्दी होईल. मासे चावतील. एकदा तर मोबाइलमधलं कॅलेंडर काढून म्हणाला, "आज अमावस्या हाय."

"अहो, बीडात उद्या उजाडला. तिथली अमावस्या सरली," वहिनी म्हणाल्या.

"मग इथली असंल की!"

"इथल्यांना अमावस्या म्हाईतच न्हाई."

बाप्पानं मोबाइल खिशात टाकला! पण वादात हरलेला ग्रामसेवक सही करत नाही, हे तुम्हाला माहीत आहेच.

* * *

निघायच्या आदल्या दिवशी सगळं गाव धक्क्यावर. पोरं एकेक करून सूर मारत होती. सुरीसारखी आत जायची, पाण्याचा आवाजसुद्धा नाही. बाकावर बसलेले म्हातारे टाळ्या वाजवायचे. वहिनींचा चेहरा उतरला.

"हे काय बाई? पाणी हाललं सुदीक न्हाई, अन् टाळ्या कशाच्या?"

मग त्यांनी पदर खोचला, कासोटा मारला, चष्मा आणि चपला बाप्पाच्या हातात दिल्या. "धरा."

"कौसे, अगं, लोक—"

वहिनी पळाल्या! टोकाशी हवेत गोळा झाल्या आणि धप्पकन! बाकावरचे म्हातारे, पाद्री, मिस ग्रेसची छत्री, माझा चष्मा, सगळं एका दमात भिजलं.

पाणी स्थिर झालं. वहिनी वर येईनात.

"कौसे!" बाप्पा ओरडला. त्याचा पाय घसरला आणि तोही पाण्यात!

तेवढ्यात वहिनी पार पलीकडं वर आल्या, डोळ्यांवरचे केस सारत. बुडणारा नवरा दिसला. दोन हातांत त्याच्यापाशी, कॉलर धरली आणि ओढत पायऱ्यांशी आणला.

"अहो, पोहता येत न्हाई तर तुमी कावून आलात?"

"पाय घसरला," बाप्पा खोकत म्हणाला.

गाव नुसतं दणाणलं! संध्याकाळपर्यंत पोरं वहिनींकडून मुटका शिकत होती, आणि बाप्पा तिसऱ्या पायरीवर गळ्यापर्यंत पाण्यात बसून मोठमोठ्यानं सांगत होता, "गुडघे! गुडघे पोटाशी घ्या बे!"

बाप्पा पायऱ्यांशी खोकत होता, तेव्हाच मी चष्मा पुसून धक्क्याच्या टोकाशी गेलो होतो. वहिनींच्या चपला तिथं जोडीनं लावून ठेवल्या होत्या, त्यात घडी केलेला चष्मा. शेजारी बाप्पाच्या चपला. त्याही जोडीनं.

आण घेतली आहे म्हणून सांगून टाकतो. या सगळ्यात रचलेली गोष्ट एकच, ती म्हणजे 'पाय घसरला'. आणि ती माझी नव्हे, बाप्पाची.