प्रत्येक बदलीला नवी शाळा

जाई मोहिते चौतीस वर्षांची आहे. पंजाबात खरड गावी भाड्याच्या फ्लॅटमध्ये राहते आणि मोहालीतल्या एका औषध कंपनीत कागदपत्रं तपासते. ही चौथी नोकरी. मार्चमध्ये तिने गोळ्यांच्या एका बॅचचे कागद न तपासताच पुढे पाठवले. पुन्हा असं झालं तर राजीनामा घेऊ, असं साहेबांनी सांगितलं आहे.

तिचे वडील सुरेश हवाई दलात होते. दर तीनेक वर्षांनी बदली. दुसरीत असताना जाई वर्गात बाकांवरून धावायची. सातवीपर्यंत धावणं थांबलं, बाकाखाली पाय मात्र हलत राहिला. बाई तिला ओळखू लागेपर्यंत ट्रंका बांधायची वेळ यायची. नव्या शाळेत आई, प्रतिमाताई, सांगायच्या, "नवीन आहे, रुळेल." घरात काही हरवलं की त्यांचं उत्तर ठरलेलं, "ट्रंकेत राहिलं असेल." तिथे ते कधीच नसायचं. पुढे कॉलेजात अर्धवट प्रोजेक्ट, नोकरीत चुकलेल्या तारखा, गॅसवर करपलेलं दूध. जाई स्वतःला आळशी म्हणायला शिकली.

ऑफिसातल्या मैत्रिणीने तिला चंदीगडमधल्या एका मानसोपचारतज्ज्ञ बाईंकडे पाठवलं. एडीएचडी, म्हणजे लक्ष न टिकण्याचा विकार असावा, त्या म्हणाल्या. पण तो मोठेपणी अचानक सुरू होत नाही. लहानपणीही असंच होतं का, हे कळल्याशिवाय निदान आणि औषध नाही. तेव्हा तुम्हाला पाहिलेलं कोणीतरी आणा. इतक्या शाळांतल्या एकाही बाईंना जाई आठवणार नव्हती. उरली आई.

प्रतिमाताई झिरकपूरहून इस्त्रीची साडी नेसून दवाखान्यात आल्या.

"आंटीजी, बचपन में कैसी थी?" डॉक्टरांनी विचारलं.

"एकदम सयानी थी जी. कोई शिकायत नहीं."

"स्कूल में? चीज़ें खोती थी?"

"ना जी. कभी नहीं."

 जाई उठून थेट बाहेर, स्कूटरपाशी गेली. मागून प्रतिमाताई आल्या आणि त्यांनी किल्ली पुढे धरली.

"टेबलावर विसरलीस. लहानपणापासून हीच तऱ्हा!"

"हेच आत का नाही सांगितलंस?"

"क्षितिजचं लग्न ठरतंय. मुलीकडचे चौकशी करतायत. त्याची बहीण वेड्यांच्या डॉक्टरकडे जाते, हे त्यांच्या कानावर जायला हवं का?"

"डॉक्टर कुणाला सांगणार नाहीत, आई."

"असं म्हणतात सगळे. जोधपूरच्या त्या शाळेतल्या मॅडमनीही ह्याच आजाराचं नाव घेतलं होतं. तेव्हाही म्हणाल्या, आपल्यातच राहील."

"कोणतं नाव?"

प्रतिमाताईंनी पदर सारखा केला.

"मी चौथीत होते गं तेव्हा," जाई म्हणाली.

"मग? पुढच्याच महिन्यात पोस्टिंग आली. म्हटलं, नवी शाळा, सुटेल हे."

"आणि इतकी वर्षं मला म्हणत आलीस, मनावर घेत नाहीस."

"घेतच नव्हतीस ना."

जाई किल्ली घेऊन एकटीच पुन्हा आत गेली. तिच्या सांगण्यावरून डॉक्टरांनी वडिलांना फोन लावला. सुरेशरावांचा आवाज स्पीकरवर स्वच्छ ऐकू आला.

"मैं तो ड्यूटी पे रहता था जी. इसकी माँ से पूछिए, उसको सब पता है."

डॉक्टरांनी जाईकडे पाहिलं. आई बाहेरच उभी आहे, जाई म्हणाली. पण ती सांगणार नाही.