भिंतीपलीकडच्या खोब्रागडेबाई

राग आला की खोब्रागडेबाई चष्मा काढून पदराने पुसत. नवख्याला वाटे, बाई निवळल्या. आम्हा विद्यार्थ्यांना माहीत होतं, आता खरं सुरू होणार. वर्गात त्या पुस्तकी मराठी बोलायच्या. चिडल्या की थेट वऱ्हाडी.

निवृत्तीनंतर त्यांनी महागावजवळच्या आमच्या गावात, आमच्या बौद्धपुऱ्यातल्या पोरांसाठी अभ्यासिका काढली. खोली ग्रामपंचायतीच्या पाठीला लागून. मधली दगडी भिंत एकच. पंचायतीत वायरचं इंटरनेट आलं. तिथून ते गावातल्या सगळ्या सार्वजनिक जागांना द्यायचं ठरलं. शाळेत केबल गेली, दवाखान्यात गेली. अभ्यासिकेची पाळी आली तेव्हा सरपंच म्हणाले, "भिंत जुनी आहे. छिद्र पाडलं तर कमजोर होईल." बाहेरून केबल न्यावी, तर आवार खराब दिसतं. जातीचं नाव कोणी काढलं नाही. काढायची गरजच नव्हती.

माझं महागावात कॅमेरे बसवून देण्याचं दुकान आहे. बाई तिथे आल्या. "संज्या, छिद्र न पाडता नेट जाते का रे?"

"जातं, बाई. भिंतीच्या दोन्ही बाजूंना समोरासमोर एकेक डबा लावायचा. एक पंचायतीच्या वायरला जोडायचा. दुसऱ्यातून पुन्हा वायर काढून आपल्या संगणकांना द्यायची. मधे भिंतीतून बिनतारी."

ग्रामसभेत बाईंनी चष्मा पुसला. "तुमची भिंत तुमच्यापाशी ठेवा. आमी तिले हात लावत नाही. आता काय नडते, ते सांगा!"

सरपंचांना हो म्हणावं लागलं.

जाड दगडातून सिग्नल अडखळत होता. डबे सरकवता सरकवता जागा सापडली आणि पलीकडचे संगणक चालू झाले. पोरांनी टाळ्या वाजवल्या. बाई भडकल्या, "टाळ्या कायले वाजवून राह्यले? भीक भेटली का? शाळेत केबल आली तवा कोणी वाजवल्या होत्या?" मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "तुझे डबे चांगले आहेत. पण डबा चालला म्हणून मी गप बसन, असं समजू नको. मले वायरच पायजे."

पुढच्या प्रत्येक ग्रामसभेत त्या केबल मागत राहिल्या. लोक वैतागून म्हणायचे, "नेट चालू आहे ना, बाई? मग काहून भांडता?"

"दवाखान्याची भिंत दुखली नाही. आमचीच काहून दुखते?"

यंदाच्या उन्हाळ्यात बाई गेल्या. पंचायतीत शोकसभा झाली. सरपंच गहिवरून म्हणाले, "बाईंनी कधी भांडण केलं नाही. तंत्रज्ञानातून मार्ग काढला."

मी बोलायला उठणारच होतो. पण माझ्याआधी प्रज्ञा उठली. ती अजून त्याच अभ्यासिकेत परीक्षेची तयारी करते.

"साहेब, बाई दर सभेत भांडल्या. आन् मार्ग काढा लागला, कारण तो तुमी अडवला होता."

सरपंच खाली बसले. परतताना दोघाचौघांनी मला गाठून समजावलं, "आता बाईच नाहीत. सोडून द्या."

पुढच्या ग्रामसभेत प्रज्ञाने आणि मी पहिला विषय मांडला तो केबलचा.