तेल प्यालेली बॅट

विशाल भोळेने गौतमीच्या कोऱ्या बॅटला जवसाचं तेल पाजलं, तेव्हा आपण तिच्यावर उपकार करतोय याबद्दल त्याच्या मनात तिळमात्र शंका नव्हती.

बॅट कुरिअरने दुपारी आली. गौतमी तायडे जयपूरच्या खातीपुरा स्टेशनच्या तिकीट खिडकीत ड्यूटीवर होती. तिचे वडील गुलाबराव, रेल्वेच्या सिग्नल खात्यातून निवृत्त झालेले, जेवून आडवे झाले होते. त्यांच्या वरच्या खोलीत भाड्याने राहणारा विशाल घरूनच कंपनीचं काम करायचा, म्हणजे मुख्यतः सगळ्यांची पार्सलं घ्यायचा. सावद्याच्या शाळेत तो क्रिकेटच्या संघात होता. बारावा गडी म्हणून, पण होता. नवी बॅट तेल मुरवल्याशिवाय आणि लाकडी हातोडीने ठोकल्याशिवाय खेळायला काढायची नसते, एवढं ज्ञान त्याने तिथून पक्कं करून आणलं होतं. त्याने गच्चीवर बसून बॅट वरपासून खालपर्यंत चोळली, मुठीवरची पट्टीसुद्धा सोडली नाही, आणि एक कान मीटिंगमध्ये ठेवून एकाच बाजूवर हातोडी चालवली. बॅट बेसबॉलची, गोल. गोल वस्तूला बाजू कुठली, हा प्रश्न त्याला पडला होता. त्याने तो फार ताणला नाही.

संध्याकाळी गौतमीने बॅट उचलली, ती हातातून सुळकन निसटली. पुन्हा उचलून तिने कानाजवळ नेली आणि बोटाने टकटक केलं. आतून फुटक्या माठासारखा आवाज आला.

"काय करून राहिला होतास तू हिच्यासोबत?"

"तयार केली. रात्रभर तेल मुरू दे, मग बघ."

"विशाल, ही लाकडाची नाहीये. कॉम्पोझिट आहे. कार्बनचे धागे विणून, डिंकासारखं काहीतरी घालून घट्ट केलेली. तेल मुरणार कशात?"

विशालने नीट पाहिलं. हातोडी बसली होती तिथे केसाएवढी चीर गेली होती.

"मग उरलेलं तेल..."

"डोक्याला लाव. गरज आहे."

खालून गुलाबरावांनी विचारलं, "काय झालं बापा?"

"काही नाही पप्पा. बारावा गडी बाद झाला."

ती हसली खरी, पण जिना उतरताना तिचा चेहरा पडलेला विशालने पाहिला, आणि त्या रात्री त्याला मीटिंग नसतानाही झोप लागली नाही.

तिचा चेहरा पडण्याचं कारण साधं होतं. भुसावळच्या शाळेत सॉफ्टबॉल खेळणारी ही मुलगी वडिलांच्या बदलीबरोबर जयपूरला आली आणि इथे बेसबॉलला लागली. राज्याच्या संघाच्या निवडीत ती दोनदा दारापर्यंत जाऊन परत आली होती. क्लबचे प्रशिक्षक रणजीतसिंह निवड समितीतही होते, आणि दोन्ही वेळा त्यांनी एकच सांगितलं होतं, "गौतमीजी, लंबा मारो. टीम में लंबा मारने वाली जाती है." आता तिशी ओलांडली होती, मागून विशीतल्या मुली येत होत्या, आणि निवडीआधीचा शेवटचा सामना तोंडावर आला होता. म्हणून तिने ती बॅट मागवली होती: टोकाकडे वजन असलेली, लांब मारणाऱ्यांची.

नुकसान विशालने केलं, तेव्हा नवी बॅट विशालने द्यायची, यावर घरात एकमत झालं. विशालचं मत कोणी विचारलं नाही.

चौडा रस्त्याजवळच्या खेळाच्या सामानाच्या दुकानात मालक जनार्दनजींनी बेसबॉलच्या होत्या नव्हत्या त्या कॉम्पोझिट बॅटी काढल्या. त्यांनी सगळ्यांत वजनदार बॅट पुढे सरकवली. विशालने लगेच मान डोलावली. आता आपल्याला यातलं कळतं असं त्याला वाटू लागलं होतं.

गौतमीने ती मुठीपाशी धरून एक हात आडवा ताणला. टोक हळूहळू जमिनीकडे झुकलं. मग तिने कोपऱ्यातली दुसरी उचलली, जरा आखूड, वजन सगळीकडे सारखं असलेली. टोक जिथल्या तिथे राहिलं. तिने ती झपकन फिरवली आणि अर्ध्यात थांबवली. पुन्हा फिरवली, पुन्हा थांबवली.

"ही बघ, थांबते. ती मघाची निघाली की मलाच सोबत घेऊन जाते."

"पण चेंडू लांब कसा जाईल?"

"मी कधी लांब मारलंय रे? मी उशिरा मारते, आणि मोकळी जागा बघून मारते. दुसऱ्याची बॅट आणून मी दुसरी थोडीच होणार आहे?" हे बोलून ती स्वतःच जरा थांबली. इतके महिने हे आपल्याला का सुचलं नाही, असा चेहरा करून.

विशालला तिची तिकीट खिडकी आठवली. समोरचा माणूस "दौसा... नहीं, बांदीकुई... रुको" करत असला तरी ही बटण दाबत नाही. त्याचं पक्कं झालं की क्षणात तिकीट हातात.

"मॅडम, ये तो बच्चियों वाला है," जनार्दनजी म्हणाले.

"तो बच्ची ही समझो, भैया."

बॅट मोकळी करायचं, म्हणजे चेंडू मारमारून तिचा ताठरपणा घालवायचं काम उरलं होतं, आणि शिक्षा म्हणून चेंडू टाकायला विशाल होता. गारठ्यात कॉम्पोझिट तडकते, म्हणून सकाळचा सराव बंद. उन्हं चढली की दोघं घरामागच्या मोकळ्या प्लॉटवर जायचे. प्रत्येक फटक्यानंतर गौतमी बॅट हातात थोडी फिरवायची, म्हणजे ती सगळ्या बाजूंनी सारखी खुलते. सुरुवातीला थप्प, थप्प असा गोधडी झोडपल्यासारखा आवाज यायचा. विशालच्या नडगीला दोनदा प्रसाद मिळाला. मग एका दुपारी आवाज बदलला, टणक झाला. गौतमीने बॅटीचं टोक ओढणीने पुसलं.

विद्याधर नगरच्या मैदानावर सामना कोट्याच्या संघाशी होता. शेवटच्या डावात गौतमीचा संघ एका धावेने मागे, दोन गडी बाद, तिसरा गेला की खेळ खलास, आणि दोन मुली तळांवर धावायला टपलेल्या. लांब मारणाऱ्या सगळ्या उंच झेल देऊन परतल्या होत्या. गौतमी निघाली तेव्हा रणजीतसिंहांनी तिच्या हातातली बॅट पाहिली.

"ये खिलौना? इससे जिता दिया तो मैदान के दो चक्कर लगाऊँगा."

"सबके सामने, सर?"

"सबके सामने."

ही लांब मारत नाही हे कोट्याला ठाऊक होतं. त्यांच्या मुली पुढे सरकून उभ्या राहिल्या. पहिला चेंडू तिने सोडला. दुसऱ्याला बॅट निघाली आणि अर्ध्यात थांबली. चेंडू बाहेर पडला. विशालने शेजारच्या गुलाबरावांचा दंड धरला. तिसऱ्या चेंडूला ती इतकी थांबली, की आता गेला असं वाटून त्याने डोळे मिटले. टणक आवाज आला.

चेंडू पुढे आलेल्या मुलींच्या डोक्यावरून, उंचावलेल्या हातांच्या बोटभर वरून गेला आणि मागच्या मोकळ्या गवतात पडून घरंगळत राहिला. एक धाव आली, बरोबरी झाली. दुसरी मुलगी मातीत लोळण घेत पोचली आणि सामना संपला. गौतमी मैदानाच्या मधोमध दोन्ही हात वर करून उभी होती, आणि तिच्या अंगावर अख्खा संघ येऊन आदळला. आयुष्यभर हळू आवाजात बोललेले गुलाबराव शिट्ट्या वाजवत होते. त्यांना शिट्टी येते हे घरात कोणालाच माहीत नव्हतं.

निवड त्याच दुपारी जाहीर झाली. रणजीतसिंहांनी पहिलंच नाव वाचलं, "गौतमी तायडे," आणि पुढचं वाचण्याआधी घसा साफ केला.

"सर, चक्कर," गौतमी म्हणाली.

त्यांनी पगडीला हात लावून पाहिला, बूट आवळले आणि निघाले. टाळ्यांच्या तालावर एक चक्कर पूर्ण झाली. दुसरीच्या सुरुवातीलाच ते गुडघा धरून बसले.

"दूसरा उधार," ते धापा टाकत म्हणाले.

आता राज्याच्या सराव शिबिरात ते रोज तिला गाठून गुडघा दाखवतात. गौतमी गुडघा मन लावून बघते, सुजेची चौकशी करते, आणि मग मैदानाकडे बोट दाखवते. ती चक्कर अजून बाकी आहे.