मी वर केलेला झेंडा

माझ्या मुलीच्या संघाचा एक गोल माझ्यामुळे गेला. ही गोष्ट मी घरी आलेल्या पाहुण्यांना बऱ्याचदा सांगितली आहे आणि दर वेळी सांगताना स्वतःला थोडं सोडून दिलं आहे. कधी म्हणालो ऊन डोळ्यांवर होतं, कधी म्हणालो घाई झाली. ऊन पाठीमागे होतं आणि घाई कुणीच केली नव्हती. म्हणून एकदा नीट लिहून ठेवतो.

मुलगी तेव्हा पॉलिटेक्निकच्या शेवटच्या वर्षाला होती. सिंगापूरमध्ये त्या काळी मुलींचं फुटबॉल फारसं कुणी बघत नसे. कॉलेजांची लीग व्हायची आणि ती संपली की पहिल्या चार संघांची बाद फेरी. तिचा संघ कसाबसा चौथा आला होता. त्यामुळे उपांत्य सामना थेट पहिल्या आलेल्या संघाशी, शनिवारी दुपारी चारला, बिशानच्या मैदानावर. संघातल्या निम्म्या मुलींचं ते शेवटचं वर्ष. हरल्या की त्यांचं कॉलेजचं फुटबॉल तिथेच संपणार होतं.

आम्ही बुकित बातोकला राहायचो. जेवण झाल्या झाल्या मी बूट घालून बसलो, तेव्हा बायको म्हणाली, "जा खुशाल, पण तिथे उभं राहून सगळ्यांना नियम सांगू नका. मागच्या वेळी पोरगी दोन दिवस बोलली नव्हती तुमच्याशी."

नियम मला माहीत होते, ही माझी अडचण होती. पुण्यात इंजिनिअरिंगला असताना होस्टेलच्या सामन्यांत मी रेफरी असायचो. पुढे मरीन इंजिनिअर म्हणून बोटीवर गेलो आणि मुलगी दहा वर्षांची होईपर्यंत वर्षातले आठ-नऊ महिने समुद्रावर काढले. तिचं पहिलं पाऊल, पहिली शाळा, पडलेले दात, सगळं मी पाकिटातून आलेल्या फोटोंत पाहिलं. मग किनाऱ्यावर जहाजांच्या तपासणीची नोकरी धरली आणि तिचा एकही सामना चुकवायचा नाही असं ठरवलं. कुणी हजेरी घेत असल्यासारखा मी प्रत्येक मैदानावर जाऊन उभा राहायचो. तिने कधी ये म्हटलं नाही, येऊ नको असंही म्हटलं नाही.

त्या दिवशी दोन लाइन्समनपैकी एक आलाच नाही. संघाबरोबरच्या मॅडम माझ्याकडे आल्या. "अंकल, तुम्ही रेफरी होता ना? तुमची मुलगी म्हणते." रेफरीने दोन्ही संघांना विचारलं. समोरच्या संघाचा प्रशिक्षक माझ्याच वयाचा, गळ्यात टॉवेल टाकलेला माणूस. तो हसला आणि तिथल्या लकबीत, वाक्याला 'आह', 'लाह' जोडत म्हणाला,

"डॉटर इनसाइड, आह? केअरफुल, आह, अंकल!"

सगळे हसले, मीही हसलो. रेफरीने झेंडा हातात दिला आणि एकच सूचना केली, की डोळ्यांनी पाहिलं तरच वर करायचा, संशय असेल तर खालीच ठेवायचा. मला ती सूचना नवीन नव्हती. ऑफिसात नव्या मुलांना मी तेच शिकवत असे. टाकीत स्वतः उतरा, पत्र्याला हात लावा, आणि जे पाहिलं नाही त्यावर सही करू नका.

सामना दोन्हीकडून शून्यावरच राहिला. समोरच्या मुली तगड्या होत्या, पण आमची गोलकीपर जे येईल ते अडवत होती. उत्तरार्धात आमचा संघ माझ्या बाजूच्या गोलकडे चढाई करत होता. म्हणजे ऑफसाइड बघायचं काम माझं. पास सुटतो त्या क्षणी पुढची मुलगी शेवटच्या बचावपटूच्या पलीकडे असेल तर ऑफसाइड. लाइन्समनने नजर पुढे, त्या बचावपटूवर ठेवायची असते. पास कोण देतंय ते बघायचं नसतं.

शेवटची दहा मिनिटं राहिली असतील. मैदानाच्या मध्यावर चेंडू माझ्या मुलीकडे आला. मी तिच्याकडे पाहिलं. लांब पास देण्याआधी ती हनुवटी किंचित वर उचलते, हे मी इतक्या जवळून प्रथमच पाहत होतो. माझी आई सुईत दोरा ओवताना तशीच करायची. मुलगी हे कुठून शिकली कोण जाणे. आजीला तिने चार-पाच वेळाच पाहिलं होतं. हे सगळं डोक्यात येईपर्यंत पास सुटला होता.

मी मान वळवली तेव्हा आमची स्ट्रायकर बचावपटूच्या दोन पावलं पुढे होती. ती बुटकी, काटक मलय मुलगी, संघात सगळ्यांत जोरात पळणारी. पास सुटला तेव्हा ती रेषेत होती की पुढे, हे मी पाहिलंच नव्हतं. मधल्या एका सेकंदात ती मुलगी दोन पावलं सहज जाईल. तिने चेंडू एकदा पुढे ढकलला, गोलकीपर बाहेर येते आहे हे पाहून डावीकडून मारला, आणि जाळं हललं. पायऱ्यांवर तिची आई बसली होती. शाळेच्या कॅन्टीनमधलं काम आटोपून ती मुलीचा सामना पाहायला पहिल्यांदाच आली होती. ती उठून उभी राहिली.

आणि झेंडा वर गेला.

'गेला' म्हणालो, म्हणजे पुन्हा सोडून दिलं स्वतःला. मी वर केला. त्या क्षणी ऑफसाइडचा विचार माझ्या मनात आलाही नाही. गळ्यात टॉवेल टाकलेला तो माणूस आता काय म्हणेल, एवढंच मनात होतं. माझ्या मुलीचा पास, माझ्या मुलीच्या संघाचा गोल आणि झेंडा माझ्या हातात. रेफरीने शिट्टी वाजवली, गोल रद्द झाला. पलीकडून तो प्रशिक्षक अंगठा दाखवून ओरडला, "गुड, अंकल! व्हेरी फेअर!"

मला बरं वाटलं. हे वाक्य मी पाहुण्यांपुढे आजवर कधी बोललो नाही. त्या अंगठ्याने मला खरोखर बरं वाटलं, दोन-तीन सेकंद तरी. मग स्ट्रायकर दोन्ही हात डोक्यावर धरून उभी दिसली. तिची आई इकडेतिकडे बघत हळूहळू खाली बसली. माझी मुलगी लांबूनच "बाबा!" एवढंच म्हणाली, त्यावर रेफरीने तिला ताकीद दिली.

उरलेली दहा मिनिटं मी नुसता धावत होतो. या मुली आता हरल्या तर त्यांचं शेवटचं वर्ष माझ्या हाताने संपणार होतं. रेफरीला जाऊन सांगावं, असं दोनदा मनात आलं. दोन्ही वेळा पाय हलले नाहीत.

कुणाचाच गोल झाला नाही. सामना पेनल्टीवर गेला. दोन्ही संघांना पाच-पाच किक. अशा वेळी एका लाइन्समनला गोलच्या रेषेवर उभं राहावं लागतं, चेंडू रेषा ओलांडतो की नाही ते बघायला. रेफरीने मलाच बोलावलं.

आमची तिसरी किक त्या स्ट्रायकरची होती. तिने चेंडू बारवरून उडवला. माझ्याजवळूनच खाली मान घालून परत गेली. बाकी आमच्या चारही मुलींनी गोल केले. समोरच्यांची एक किक आमच्या गोलकीपरने अडवली. शेवटी आमचे चार झाले, त्यांचे तीन, आणि त्यांची एक किक शिल्लक. ती आत गेली तर बरोबरी आणि पुन्हा सगळं पहिल्यापासून.

त्यांच्या मुलीने जोरात मारलं. चेंडू बारच्या खालच्या कडेला लागला, सरळ खाली आला, रेषेवर आपटला आणि बाहेर उसळला. गोलकीपरने त्यावर झेप घातली. समोरचा संघ गोल म्हणून नाचू लागला. रेफरीने माझ्याकडे पाहिलं.

या वेळी मी पाहिलं होतं. चेंडू रेषेवर पडला तेव्हा पांढरा चुना उडाला, तोसुद्धा पाहिला होता. चेंडू पूर्ण आत गेला नव्हता. मी मान हलवली, झेंडा खाली ठेवला.

"अंकल! ब्लाइंड, आह?" तो प्रशिक्षक धावत आला. "डॉटर्स टीम, ऑफ कोर्स, लाह! ऑफ कोर्स!"

ज्याची मला सामनाभर धास्ती होती तेच तो सगळ्यांसमोर बोलला, आणि मला काहीच झालं नाही. मी पुन्हा मान हलवली. रेफरीने शिट्टी वाजवली. आमच्या मुली गोलकीपरच्या अंगावर कोसळल्या. मी गवतावर बसलो. त्यांचं वर्ष अजून संपलं नव्हतं. पुढच्या शनिवारी अंतिम सामन्यात त्या तीन-शून्यने हरल्या, पण त्या त्यांच्या त्या हरल्या. त्यात मी कुठे नव्हतो.

मुलगी येऊन समोर उभी राहिली.

"बाबा, ती ऑफसाइड होती?"

"माहीत नाही."

"माहीत नाही म्हणजे?"

"मी बघितलंच नाही. मी तुझ्याकडे बघत होतो."

"मग फ्लॅग कशाला वर केलास?"

मी त्या प्रशिक्षकाचं बोलणं सांगितलं. ती ऐकत राहिली. "म्हणजे तू त्याला फेअर वाटावास म्हणून आमचा गोल देऊन टाकलास?"

"हो."

मी काहीतरी कारण काढेन अशी तिची तयारी असावी. नुसतं 'हो' येईल असं तिला वाटलं नसावं. मग म्हणाली, "मला सॉरी म्हणू नकोस. गोल माझा नव्हता. तिला सांग. आत्ता जा. मी बरोबर येणार नाही."

स्ट्रायकर बाकावर बसून बूट सोडत होती. जिंकल्याचं हसू आणि किक घालवल्याचं रडं, दोन्ही चेहऱ्यावर. मी सगळं सांगितलं. न पाहता झेंडा वर केला, हेसुद्धा.

"अंकल, मला तरी कुठे माहितीय?" ती म्हणाली. "मी चेंडू बघत होते. असेन पण ऑफसाइड."

"तूही पाहिलं नाहीस?"

"मी पळते, लाह. बघायचं काम तुमचं."

ती हसली, मीही हसलो. मग तिने पायऱ्यांकडे पाहिलं. "पण माझ्या आईला सांगाल? तिला फुटबॉल कळत नाही. तिला वाटतंय मी काहीतरी वाकडं केलं म्हणून गोल काढून घेतला. वर मी पेनल्टीपण घालवली. आज पहिल्यांदा आली, आणि तिला दोन्ही चुका माझ्याच वाटतात."

आम्ही दोघं वर गेलो. आईला इंग्रजी येत नव्हतं. मला मलय येत होतं ते गोदीतल्या कामगारांकडून ऐकलेलं, पंधरा-वीस शब्दांचं. मी छातीवर हात ठेवून "सालाह साया" म्हणालो. चूक माझी. गोदीत हे कुणी स्वतःबद्दल म्हणताना मी फारसं ऐकलं नव्हतं. पुढचं मुलीने समजावलं. आईने मला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि मुलीला काहीतरी विचारलं.

"आई विचारते, चेंडू आत गेला होता का?"

आत गेला याला मलयमध्ये 'मासुक' म्हणतात, तेही मला येत होतं. "मासुक," मी म्हणालो.

तिने मान डोलावली. ऑफसाइड, झेंडा, पास, यातलं काहीच तिने विचारलं नाही. पिशवी उचलून ती खाली उतरली. वाटेत जो भेटेल त्याला मुलीकडे बोट दाखवून, मग तेच एक बोट वर करून "मासुक" सांगत गेली. चेंडू पिशवीत भरणाऱ्या त्या प्रशिक्षकालाही तिने सांगितलं. त्याने माझ्याकडे पाहिलं.

"फर्स्ट वन गोल, आह?"

"मी पाहिलं नव्हतं," मी म्हणालो. "दुसरा पाहिला होता. तो आत गेला नव्हता."

त्याने टॉवेलने तोंड पुसलं. "ओके, लाह," म्हणाला आणि चेंडू भरू लागला.

मुलगी फाटकाशी थांबली होती. "सांगितलंस?"

"तिघांना."

"तिघांना? मी एकीलाच सांगायला पाठवलं होतं." ती बॅग माझ्या हातात देऊन पुढे निघाली. "चल, स्टेशनवर काहीतरी खाऊ. मरणाची भूक लागलीय."