पाहुण्याची सोंगटी

राजारामपुरीतल्या ज्या वाचनालयात मी नोकरी करत होते, तिथे एके वर्षी खेळांचं कपाट आलं. घरोघरी केबल आल्यापासून पोरं वाचनालयाकडे फिरकत नव्हती. पुस्तकाला येत नाहीत तर खेळाला तरी येतील, असं अध्यक्षांचं मत पडलं. ल्युडो, साप-शिडी, बुद्धिबळ, व्यापार. आठवडाभरासाठी डबा घरी न्यायचा आणि सोंगट्या मोजून परत द्यायचा. दोन महिने त्या कपाटाला कुणी हात लावला नाही. मग अध्यक्ष मला म्हणाले, "मॅडम, फळ्यावर लिवा की, कुठला खेळ न्यावा ते. सांगितल्याबिगर लोकास्नी कळत न्हाय."

कळत मलाही नव्हतं. माझ्या माहेरी खेळ हा अभ्यास संपल्यावरचा विषय होता, आणि अभ्यास कधी संपला नाही. म्हणून मी एकेक डबा घरी नेऊन खेळून बघायचं ठरवलं. नवरा इचलकरंजीला यंत्रमागावर, त्याच्या पाळ्या बदलत्या. समोर बसायला राहिल्या त्या सासूबाई.

त्या सीमेपलीकडच्या, माहेरची भाषा कानडी. सगळ्या सुना त्यांना, कानडीत सासूला म्हणतात तसं, अत्ती म्हणायच्या, म्हणून मीही म्हणायचे. मी नाशिककडची, वेगळ्या जातीतली, आणि लग्न आमचं आम्ही ठरवलेलं. त्यावर अत्ती कधी एक शब्द बोलल्या नाहीत. चार वर्षं त्यांनी मला अतिशय चांगलं वागवलं. घरातले सगळे स्टीलच्या पेल्यातून चहा प्यायचे. कपबशी पाहुण्यांना आणि मला. मी भांड्याला हात लावला की, "ऱ्हाऊ द्या, तुमी बसा." मोठी जाऊ हातकणंगल्याहून आली की तिला उंबऱ्यातच दोन शिव्या मिळायच्या, मग पेल्यातून चहा, मग ढीगभर भांडी. शेजारणी म्हणायच्या, तू नशीब काढलंस. मला जावेचा हेवा वाटायचा. त्या घरात एकदा तरी मला शिव्या खायच्या होत्या.

तर आम्ही खेळायला बसलो. साप-शिडी झाली. मी फळ्यावर लिहिलं: 'डोकं लागत नाही. एकमेकांशी न बोलताही खेळता येते.' बुद्धिबळाच्या वेळी अत्तींनी विचारलं, घोडा अडीच घरंच का जातो. मला सांगता येईना, तेव्हा त्यांनी डबा मिटला. मी लिहिलं: 'बुद्धिबळ. घोड्याची आधी चौकशी करून ठेवावी.' व्यापारात मी त्यांनी विकत घेतलेल्या गावात जाऊन पडले, तर भाडं घ्यायला त्या तयार होईनात. "दारात आलेल्या माणसाकडनं पैसं घेत्यात व्हय?" असं म्हणून त्यांनी मला उलट काय हवं-नको ते विचारलं. तो खेळ पुढे सरकला नाही.

ल्युडो मात्र त्यांना लगेच जमला. लहानपणी त्या कवड्यांवर पट खेळलेल्या. पण माझी सोंगटी अगदी त्यांच्या फाशाच्या टप्प्यात आली तरी त्या दुसरीच सोंगटी पुढे न्यायच्या. मला वाटलं, नजर कमी झाली असेल. मी सलग पाच डाव जिंकले.

रविवारी शेजारच्या काकू खेळायला बसल्या. अत्तींनी काकूंच्या चार सोंगट्या एकामागून एक मारल्या, वर प्रत्येक वेळी कानडीत काहीतरी बोलल्या आणि काकूही खदाखदा हसल्या. माझ्या सोंगट्या तशाच उभ्या. न राहवून मी विचारलं, "अत्ती, माझी का मारत नाही?"

"पावण्याची सोंगटी मारत न्हाईत आमच्यात," त्या म्हणाल्या आणि फासा काकूंकडे दिला.

मला फार लागलं ते. दुसऱ्या दिवशी त्याच रागात फळ्यावर लिहिलं: 'ल्युडो. सासू-सुनेनं खेळू नये. समोरची मारतच नसेल तर जिंकण्यात काही अर्थ नाही.' घरातलं गाऱ्हाणं मी चौकात टांगलं होतं. हे मला संध्याकाळपर्यंत कळलं नाही. शेजारच्या काकू दुपारी मासिक बदलायला आल्या, त्यांना तेव्हाच कळलं, आणि त्यांनी घरी जाऊन चहा ठेवायच्या आधी अत्तींना सांगितलं.

संध्याकाळी पाचला अत्ती वाचनालयात आल्या. चार वर्षांत पहिल्यांदाच. त्यांना मराठी वाचता यायचं नाही. पेपर वाचत बसलेल्या एका म्हाताऱ्याला त्यांनी फळ्यापुढे उभं केलं. "वाचून दावा." त्यानं खणखणीत आवाजात वाचलं. सगळ्यांनी पेपर खाली ठेवले. मला कपाटात शिरून दार लावून घ्यावंसं वाटलं.

"काढ डबा," अत्ती म्हणाल्या.

काउंटरवर, वाचकांच्या देखत, आम्ही ल्युडो खेळलो. अर्धा तास डाव चालला. माझ्या तीन सोंगट्या घरात पोचल्या. चौथी घराच्या वळणाशी आली, आत वळायला दोनच घरं बाकी होती, आणि अत्तींना चार पडले. त्यांची सोंगटी माझ्या मागे बरोबर चार घरांवर होती. दुसरी हलवण्यासारखी सोंगटीही होती त्यांच्याकडे. त्यांनी माझ्याकडे बघितलं. मग चार घरं मोजली, मोठ्यानं, कानडीत, आणि माझ्या सोंगटीला अशी टिचकी मारली की ती काउंटरवरून उडून मासिकांच्या मांडणीखाली गेली.

पेपरवाले म्हातारे "अरारारा" म्हणाले. मी रडायला लागले. इतका आनंद मला लग्नातही झाला नव्हता.

"रडतीस काय? सोंगटीच गेलीया न्हवं," अत्ती ओरडल्या. "आनि घरातलं फळ्यावर लिवतीस? अक्कल हाय का न्हाय तुला? चल घरला. सकाळपास्नं भांडी पडल्यात."

ल्युडोचा डबा त्याच संध्याकाळी त्या म्हाताऱ्यानं सुनेसाठी नेला, एक सोंगटी कमी असताना. मी घरी गेले. भांडी बरीच होती. सगळी घासली.