पुजलेले कॉम्प्युटर

निलंग्याच्या बसस्टँडमागं, खताच्या दुकानाच्या माडीवर उज्वलाचा कॉम्प्युटर क्लास. येणाऱ्या पोरी बहुतेक खेड्यातल्या. एसटीनं यायचं, शिकायचं, एसटीनं परत. फी अशी ठेवलेली, की बाप कुरकुरला तरी आईनं अंडी विकून भरावी.

कॉम्प्युटर जुने, पण ठणठणीत. आणि एके दिवशी पडद्यावर पाटी झळकली : ही सिस्टीम बंद होणार, नवी घ्या, आणि नवी काही तुमच्या या मशिनवर बसणार नाही. म्हणजे कुलूप बदलायचंय, तर घरच नवं बांधा! असं कुठं असतं का राव?

पोरींनी ती पाटी घरी सांगितली. "म्याडम, मशिनी बाद झाल्या म्हणं?" आयाबाया विचारू लागल्या. दोघी पोरी लातूरच्या चकचकीत क्लासला गेल्या. उज्वला घाबरली, खोटं कशाला बोला. तेवढ्यात लातूरचा राघवेंद्र हजर. हे कॉम्प्युटर तिनं त्याच्याच दुकानातून घेतलेले.

"ताई, जुने द्या, नवे घ्या. हप्ते बांधून देतो."

"अहो, पण हे चालायलेत की!"

"चालायलेत हो. कंपनी आता हात वर करणार ना. उद्या व्हायरस शिरला तर?"

हप्ते लागले की फी वाढणार, फी वाढली की पोरी घरी बसणार, हे तिला कुणी सांगायची गरज नव्हती. तरी ती हो म्हणाली. भ्यालेलं माणूस कशालाही हो म्हणतं.

त्या गडबडीत दोघांनीही पंचांग पाहिलं नाही. जुने न्यायला टेम्पो दारात आला तो नेमका खंडेनवमीला. उज्वलाची सासू चतुराबाई सकाळीच माडीवर चढली होती. घरच्या विळ्या-कुदळींची पूजा उरकून आता कॉम्प्युटरची पाळी. पोरींना हाताशी घेऊन तिनं एकेकाला हळदीकुंकू लावलं, वर झेंडूच्या माळा.

राघवेंद्रनं पहिल्या मशिनची वायर काढायला हात घातला, तशी चतुराबाई आडवी आली.

"ए बाबा, हात लावू नगस. आज अवजार हलवत नसतेत."

"मावशी, हे भंगार हाय आता."

"भंगार? माझ्या सुनंनं ह्याच्यावर प्रपंच उभा केलाय! पोळ्याला पुजलेल्या बैलाला त्याच दिवशी कुणी बाजार दाखवतं का रे?"

उज्वलानं पडद्यांवरची ती कुंकवाची बोटं पाहिली आणि तिचं डोकंच सणकलं. कंपनीवर, राघवेंद्रवर, अन् सगळ्यात जास्त स्वतःवर. आपण धडधाकट जनावर वाटेला लावायला निघालो होतो!

"भाऊ, टेम्पो रिकामा न्या."

"पस्तावाल, ताई."

"पस्तावले तर मी पस्तावते. माझी मशिन म्हातारी कधी झाली ते मी ठरवणार. कुठल्या मुलखात बसलेल्या कंपनीनं मला सांगायचं न्हाई."

दसरा झाला आणि ती लिनक्स घेऊन बसली. ही सिस्टीम फुकट मिळते, कुणीही बसवावी, जुन्या मशिनवरही चालते. चालते म्हणजे काय, आधी रडवते! पहिली मशिन मध्येच अडकली. प्रिंटर तर रुसूनच बसला. "मेल्या, आता तू पण कंपनीचा जावई का?" म्हणून उज्वलानं त्याला शिव्या घातल्या. पोरी हसत होत्या आणि तिच्याबरोबर शिकतही होत्या. मशिनी एकेक करत सुरू झाल्या. मराठी टायपिंग जमलं, शेवटी प्रिंटरही शरण आला, पत्रं निघाली.

मग तिनं जिन्यात पाटी लावली : इथं जुने कॉम्प्युटर आहेत. चालतात. फी तीच.

सृष्टी नावाच्या पोरीनं पडदा न्याहाळत विचारलं, "म्याडम, ही सिस्टीम नवी मशिन घ्या म्हणत न्हाई का?"

"न्हाई."

"मग बरी हाय की!"

हेच ती गावात जाऊन बोलली. गेलेल्या दोघींपैकी एक परत आली, येताना मावसबहिणीला घेऊन.

दिवाळीनंतर राघवेंद्रचा फोन. "ताई, पूजा-बिजा आटोपली असंल. टेम्पो पाठवू का?"

"पाठवा की," उज्वला म्हणाली. "पण रिकामा नको. लोकांकडून भंगार म्हणून उचललेले कॉम्प्युटर पडले असतील ना तुमच्याकडं? ते घालून पाठवा. इथं पोरींना बसायला मशिनी पुरंनात."